कानातली शिट्टी आणि ‘इलाज नाही’ नावाचं अर्धं वाक्य

रात्रीचे साडेबारा वाजलेत. रूम पार्टनर गावाला गेलाय. लाइट बंद, थंडी आहे म्हणून पंखाही बंद. आणि तेवढ्यात तुम्हाला ऐकू येतं, कुईंऽऽऽ. बारीक, सरळ, न थांबणारं. आधी वाटतं, मोबाइलच्या चार्जरचा आवाज असेल. तुम्ही चार्जर काढता. मग वाटतं, बाहेरच्या डीपीचा असेल. खिडकी लावता. आवाज तसाच. शेवटी दोन्ही कानांत बोटं घालता, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी आणखी ठळक होतो. तेव्हा कळतं, हा आवाज बाहेर नाहीच.

सकाळी तुम्ही मित्राला सांगता, “कानात गुंई गुंई होऊन राह्यलं बे.” तो म्हणतो, “कायले टेन्शन घेतं? होते मंग बंद.” आई फोनवर सांगते, “लसणाचं तेल कोमट करून टाक दोन थेंब.” आणि रात्री तुम्ही गूगल करता. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला ब्रेन ट्युमर झालेला असतो.

मित्राचं म्हणणं बऱ्याचदा खरं ठरतं. गॅदरिंगनंतर, वरातीनंतर कानात वाजणारी शिट्टी काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जाते. पण काहींची जात नाही. आठवडा होतो, महिना होतो, सेमिस्टर संपतं आणि शिट्टी वाजतच राहते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही, पण या सीझनमध्ये चार लग्नांत डीजेपुढे नाचायचंय, त्यांच्यासाठीही.

मी हे का लिहितेय

कारण माझ्या उजव्या कानात ही शिट्टी दीड वर्षापासून आहे. आत्ता हे टाइप करतानाही आहे.

अकोल्याला मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. वरातीत दोन तास आम्ही डीजेच्या गाडीला खेटून नाचलो. छातीत धडधड होत होती, समोरचीला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. तीच खरी धोक्याची खूण होती, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसटीने मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला परत आले. गाडीत काहीच जाणवलं नाही, कारण एसटीचं इंजिन आणि खिडक्यांच्या काचाच इतक्या खडखडत होत्या. रूमवर आले, दार लावलं आणि शिट्टी ऐकू आली.

मग मी तेच केलं जे तुम्ही करत असाल. वाट पाहिली. आधी परीक्षा होती, मग इंटर्नशिपचे फॉर्म होते. शिवाय सांगायचं काय? ताप आला तर थर्मामीटरवर दिसतो. कानात आवाज येतो हे कोणाला दाखवणार? “डोक्यात आवाज येतात” असं म्हणायची तर सोयच नव्हती. चार महिने गेले. शेवटी एका दवाखान्यात गेले. तिथे बॅटरीने कानात पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, “याला इलाज नसतो, सवय करून घ्या.” दोन मिनिटं. कानाची साधी ऐकण्याची चाचणीही झाली नाही.

त्या रात्री मी खूप रडले. आता मागे वळून पाहताना वाटतं, मला सगळ्यात जास्त त्रास शिट्टीने दिलाच नव्हता. तो दिला त्या वाक्याने. कारण ते वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला पुढच्या दवाखान्यात कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

हा आवाज येतो कुठून?

याला इंग्रजीत टिनिटस म्हणतात. आपल्याकडे त्याला कर्णनाद हा शब्द आहे आणि तो नवा नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. म्हणजे डीजे आणि ब्लूटूथ यायच्या कितीतरी आधीपासून माणसांच्या कानांत आवाज येत आलेत.

पहिली गोष्ट समजून घ्या. टिनिटस हा स्वतः आजार नाही, ते लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि साध्या सर्दीचाही, तसंच. कारण कानात साचलेला मळ असू शकतो, पडद्यामागचा संसर्ग असू शकतो, जबड्याच्या सांध्याचा त्रास असू शकतो, काही औषधं असू शकतात. पण बऱ्याचदा त्यामागे ऐकण्याची क्षमता थोडी कमी होणं असतं, कधी कधी इतकी थोडी की आपल्याला पत्ताही नसतो.

आतल्या कानात कॉक्लिया नावाचा शंखासारखा भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार बारीक केसपेशी असतात. बाहेरचा आवाज या पेशी हलवतो, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो नसेमार्फत मेंदूकडे जातो. सोयाबीनच्या शेतातून रोज त्याच वाटेने गेलं तर झाडं आडवी पडतात. कमी जाणं झालं तर पुन्हा उभी राहतात, फार झालं तर मरतात. केसपेशींचं तसंच आहे. फरक एवढाच, की पुढच्या हंगामात नवीन पेरणी होत नाही. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

आता एखाद्या पट्टीतल्या पेशी गेल्या, की मेंदूला तिथून संदेश कमी येतो. मेंदू मग स्वतःच आवाज वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही म्हणून आपण बटण फिरवत जावं आणि खरखर मोठी व्हावी, तसं काहीसं. ती खरखर म्हणजे तुमची शिट्टी. म्हणून ती बऱ्याचदा त्याच बारीक पट्टीत ऐकू येते, जिथलं ऐकणं कमी झालेलं असतं.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून मला बरंच हलकं वाटलं. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकणं ठणठणीत असलेल्या ८० लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. त्यांतल्या सुमारे ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घूंघूं असं काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. म्हणजे मेंदूची ही खरखर जवळपास प्रत्येकाकडे असते. काहींची मोठी होते आणि काहींचं लक्ष तिच्यावर अडकतं.

तुम्ही एकटे नाही, हे आकड्यांतही दिसतं. २०२२ मध्ये जामा न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार जगातल्या साधारण १४ टक्के प्रौढांना टिनिटसचा अनुभव आहे. म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसं. त्यांतल्या १२ कोटींहून जास्त लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो.

डीजे, इअरबड्स आणि मळणी यंत्र

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि तिथलं गणित साधं नाही. ८० चे ८३ झाले म्हणजे थोडंसं वाढलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्यसंस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतील, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास, १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. ११० ला गेलात, तर दीड मिनिट. स्पीकरच्या भिंतीजवळ ११० डेसिबल ही काही मोठी गोष्ट नाही. माझे ते दोन तास आठवा.

आपल्याकडे वरात काय, गणपती काय, अंबादेवीची नवरात्रातली यात्रा काय, आवाजाशिवाय काही होत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात, तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं. यातलं काही बंद करा असं मी म्हणत नाहीये. मीही जाणार आहे. प्रश्न फक्त स्पीकरपासून आपण किती लांब उभं राहायचं, एवढाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं, तर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे कानाला चारपट वेळ मिळतो. चार पावलं मागे सरकायला पैसे लागत नाहीत.

आणि हो, आपण कापूस पिकवणारी माणसं, पण कानात कापसाचा बोळा घालून फारसं काही होत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत दाबून बारीक करायचे, कानाची पाळी वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. गाणं ऐकू येतंच, फक्त कानाला लागत नाही.

इअरबड्सचं वेगळं. तिथे आवाज मोठा नसतो, पण संपतही नाही. अभ्यासिकेत बाजूच्याची कुजबुज नको म्हणून कानात गाणी, बसमध्ये इंजिनवर मात करायला आवाज फुल, रात्री झोप येईपर्यंत रील्स. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक आहेत, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. ४० चे ४ होतात, हे लक्षात घ्या. साधा नियम: आवाज ६० टक्क्यांच्या खाली, आणि मध्ये मध्ये कानाला सुट्टी. फोन “आवाज जास्त आहे” असं दाखवतो, तेव्हा तो आगाऊपणा करत नसतो. असुरक्षित ऐकण्यामुळे जगभरातल्या १०० कोटींहून जास्त तरुणांचं ऐकणं धोक्यात असल्याचं याच संघटनेचं म्हणणं आहे.

तिसरी गोष्ट घरची. तुमच्यापैकी कित्येकांचे बाबा, काका जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये काम करतात. हंगामात तुम्ही स्वतः सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ दिवसभर उभे राहता. बाबा टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात म्हणून आपण चिडतो. एकदा त्यांना विचारून पाहा, “बाबा, तुमच्या कानात आवाज येते का?” कारखान्यातल्या मोठ्या आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कायद्यात नोंदवलेला व्यावसायिक आजार आहे. ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

वाट पाहायची नाही, अशा वेळा

मी चार महिने थांबले आणि माझं फार बिघडलं नाही. ते नशीब होतं, सल्ला म्हणून घेऊ नका. पुढच्या गोष्टी तुमच्या बाबतीत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा.

एक, अचानक ऐकू येणं कमी झालं. सकाळी उठलात आणि एक कान बंद झाल्यासारखा वाटतोय, शिट्टी वाजतेय, फोन त्या कानाला लावला तर ऐकू येत नाही. “पाणी गेलं असेल, मळ असेल” म्हणून थांबू नका. ही कानाची इमर्जन्सी असू शकते. यात स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी, आणि साधारण दोन आठवड्यांनंतर त्याची शक्यता उतरत जाते. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा.

गायिका अलका याज्ञिक यांचं २०२४ च्या जूनमधलं निवेदन आठवत असेल. विमानातून उतरल्या आणि काहीच ऐकू येईना, असं त्यांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं. विषाणूसंसर्गामुळे नसेच्या प्रकारचं दुर्मिळ बहिरेपण आल्याचं डॉक्टरांनी निदान केलं होतं. जिचं आयुष्य सुरांत गेलं, तिनं त्याच निवेदनात चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना फार मोठा आवाज आणि हेडफोन यांपासून जपायला सांगितलं.

दोन, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. धप्, धप्, धप्. मनगटावर बोट ठेवून पाहा. ताल जुळत असेल तर हा वेगळा प्रकार आहे आणि त्याची रक्तवाहिन्यांच्या अंगाने तपासणी करावी लागते.

तीन, आवाज फक्त एकाच कानात आहे आणि तो जात नाही. माझ्यासारखा. बहुतेक वेळा काही गंभीर निघत नाही, पण ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. माझा केला, स्वच्छ निघाला. गूगलने दिलेला ब्रेन ट्युमर त्या दिवशी गेला.

चार, सोबत चक्कर, तोंड वाकडं होणं, कानातून पू किंवा रक्त, डोक्याला मार. यात तर विचारच करायचा नाही.

पाच, एखादं औषध सुरू केल्यावर आवाज सुरू झाला. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी काही इंजेक्शनं, मोठ्या डोसातली अ‍ॅस्पिरिन, कॅन्सरवरची सिस्प्लॅटिन कानाला त्रास देऊ शकतात. पण औषध स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिलं त्यांना सांगा.

दवाखान्यात गेल्यावर

जायचं कुठे? कान-नाक-घसा विभागात. अमरावतीत पंचवटी चौकाजवळचं पीडीएमसी म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, ज्याला सगळे सर्वोपचार म्हणतात. तालुक्याला राहत असाल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, जुनी औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा.

जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या. आवाज कधी सुरू झाला? कोणत्या कानात? शिट्टी, गुणगुण की ठोके? सतत की अधूनमधून? ऐकू कमी येतं का, चक्कर येते का, झोप लागते का? ओपीडीत मागे साठ लोक उभे असताना हे आठवत नाही. कागद असला की दोन मिनिटांतही बरंच सांगून होतं.

आधी कानात पाहतात. मळ असेल तर काढतात, आणि काहींची शिट्टी तिथेच संपते. पण हे काम दवाखान्यातच. सेफ्टी पिन, गाडीची चावी, काडी आणि रस्त्यावर कान साफ करून देणारे, चौघांनाही कानापासून लांब ठेवा. लसणाच्या तेलाबद्दल आईला प्रेमाने नाही म्हणा. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं.

मग ऑडिओमेट्री. ही चाचणी झाल्याशिवाय उठू नका, नम्रपणे मागा: “सर, ऐकण्याची टेस्ट करता येईल का?” एका बंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक बारीक टूंऽ टूंऽ ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही. ही चाचणी ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ करतात. हातात एक आलेख येतो. माझ्या आलेखात रेघ सरळ चालत आली होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडून पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने कान दुखावला की नेमका त्याच भागात असा खड्डा दिसतो. तो आलेख पाहून मला विचित्र आनंद झाला. चार महिने जे कुणालाच दाखवता येत नव्हतं, ते कागदावर छापून आलं होतं.

‘इलाज नाही’ चं उरलेलं अर्धं

आता ते वाक्य पूर्ण करू. कारण मळ, संसर्ग किंवा औषध असेल, तर ते दूर केल्यावर आवाज जाऊ शकतो. पण केसपेशी दुखावल्या असतील, तर शिट्टी कायमची बंद करणारी गोळी आज जगात कुठेही नाही. हे खरं आहे आणि कुणी त्याउलट सांगून पॅकेज विकत असेल तर तिथून निघा. गिंको, झिंक, मेलाटोनिन अशा पूरक गोळ्या यासाठी घेऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय.

उरलेलं अर्धं असं: शिट्टीला इलाज नसला, तरी शिट्टीच्या त्रासाला आहे.

तो कसा? शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आठवा. पाहुणे येतात, म्हणतात, “अरे केवढा आवाज!” आणि घरातले म्हणतात, “कोणता आवाज?” गिरणी बंद झालेली नसते. घरातल्यांच्या मेंदूने तिला ‘बिनकामाचा आवाज’ असा शिक्का मारून मागे टाकलेलं असतं. टिनिटसमध्ये नेमकं उलटं होतं. मेंदूने त्या आवाजावर ‘धोका’ असा शिक्का मारलेला असतो. मग आपण घाबरतो, घाबरलो की लक्ष तिकडे जातं, लक्ष गेलं की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की आणखी घाबरतो. उपचार म्हणजे हा शिक्का बदलणं.

त्यासाठी तीन रस्ते आहेत. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्र. बाहेरचे आवाज नीट पोचायला लागले की मेंदूला बटण फिरवायची गरज कमी होते. आणि नाही, ते फक्त आजोबांसाठी नसतं. दुसरा, बाजूला हलका आवाज ठेवणं: पंखा, पावसाच्या आवाजाचं अ‍ॅप, कमी आवाजात रेडिओ. शिट्टीला पूर्ण बुडवायचं नाही, फक्त तिच्या शेजारी काहीतरी ठेवायचं. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती डोळ्यात घुसते, ट्यूबलाइट लावली की ती जाणवतही नाही. तिसरा रस्ता सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार त्याने टिनिटसचा जगण्यावरचा परिणाम कमी होऊ शकतो.

मानसोपचाराचं नाव काढलं की घरचे दचकतात, “वेडा झाला का?” तसं नाही. आवाज खरा आहे. आलेखात खड्डा आहे. पण त्या आवाजाची भीती मनात बसलेली असते, म्हणून तिथेही काम करावं लागतं. आणि झोप उडाली असेल, काहीच नको वाटत असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

लपवूनही काही होत नाही. बेथोव्हन ३० वर्षांचा होता, जेव्हा जून १८०१ मध्ये त्याने आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून कळवलं, की माझे कान रात्रंदिवस गुणगुणतायत. दोनेक वर्षांपासून तो लोकांत मिसळणं टाळत होता, कारण संगीतकाराला ऐकू कमी येतं हे सांगायचं कसं? तेव्हा ऑडिओमेट्री नव्हती, श्रवणयंत्र नव्हतं. आपल्याकडे एक केसपेपर काढण्याएवढ्या अंतरावर हे सगळं आहे, आणि तरीही आपण त्याच्यासारखंच गप्प बसतो.

आज माझं कसं चाललंय

शिट्टी आहे. रात्री पंखा एक नंबरवर असतो, थंडीत तोंड भिंतीकडे आणि अंगावर दोन गोधड्या. परीक्षेच्या काळात, झोप कमी झाली की ती मोठी वाटते, नंतर खाली येते. शांत जागा मी टाळत नाही, पण शोधतही नाही. इअरबड्स आहेत, आवाज निम्म्याच्या वर जात नाही. पिशवीत इअरप्लगची छोटी डबी असते. मागच्या महिन्यात एका वरातीत मी ते घातले, तेव्हा एका आत्येभावाने विचारलं, “काय झालं ताई, कान दुखते काय?” मी म्हटलं, “नाही, दुखू नये म्हणून.” त्याने एक मागून घेतला. मी म्हटलं, “दोन घे, कान दोन आहेत.”

दिवसातले कित्येक तास मला शिट्टी आठवतही नाही. हा लेख लिहायला बसले म्हणून आठवली. दीड वर्षापूर्वीच्या त्या रात्री कुणी मला हे सांगितलं असतं, की एक दिवस तू हा आवाज विसरशील, तर माझा विश्वास बसला नसता.

तर आज रात्री तुमच्या रूमवर लाइट बंद केल्यावर ती कुईंऽऽ ऐकू आली, तर घाबरू नका. पंखा लावा, झोपा. आणि उद्या सकाळी पहिलं लेक्चर बंक करायला तुमच्याकडे, कधी नव्हे ते, खरं कारण आहे. केसपेपर काढा. कुणी “इलाज नाही” म्हटलं, तर विचारा, “आणि पुढचं?”